चाकावरची खोली: ब्रेकच्या नोंदी

१४ नोव्हेंबर २०२४

आज चासी चाकांवर उभी राहिली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, सी-चॅनेलची, पुढे दोन चॅनेल जुळवून केलेला निमुळता दांडा. यावर ताई आणि भाऊजींची खोली बसणार. एक दिवाण, छोटा ओटा, कपाट आणि साठ लिटरची पाण्याची टाकी. भाऊजी जूनमध्ये शाळेतून निवृत्त झाले. दोघांना मुक्तागिरी, लोणार, मार्कंडा असं निवांत हिंडायचं आहे, पण ताईच्या गुडघ्याला लॉजचे जिने सोसत नाहीत. म्हणून बोलेरोमागे लावायची खोली.

भाऊजींनी चासीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "अरे, एवढ्याशा गाड्याले ब्रेक काहून लागते? बोलेरोले हाय ना!"

मी म्हटलं, "भाऊजी, बोलेरोचा ब्रेक बोलेरोपुरता हाय. मांगच्या टनभर वजनाचं काय कराचं?"

त्यांना एवढंच सांगितलं. बाकीचं इथे लिहून ठेवतो.

डिसेंबर २००९ मध्ये बाबा कापसाची ट्रॉली घेऊन जिनिंगला निघाले होते. उतार साधाच होता. समोर म्हैस आली, बाबांनी ब्रेक दाबला. ट्रॅक्टर थांबत आला, पण मागचे अडीच टन येतच राहिले. ट्रॉलीने ट्रॅक्टरला मागून लोटलं, हुकाशी दोघांची घडी पडली आणि ट्रॅक्टर नालीत गेला. बाबांचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. त्यानंतर त्यांनी वेल्डिंगचा होल्डर हातात धरला नाही. ती ट्रॉली आम्ही दोघांनी याच दुकानात बनवली होती. तिला ब्रेक नव्हता, कारण कुणी मागितला नव्हता आणि आम्हीही कधी सुचवला नव्हता. आमच्या भागात आजही बहुतेक ट्रॉल्या तशाच फिरतात.

या खोलीला दोन्ही चाकांना ब्रेक लागणार. त्यासाठी पैसे कमी पडले तर कपाट नंतर करू.

१९ नोव्हेंबर

कोणता ब्रेक, यावर चार दिवस वाचन आणि वहीत आकडेमोड.

युरोपातल्या कॅराव्हॅनना ढकल-ब्रेक असतो. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे सरकतो, दांड्यातली नळी आत दबते आणि त्या दाबानेच ट्रेलरचे ब्रेक लागतात. वायर नाही, बॅटरी नाही, बिघडायला फारसं काही नाही. पण ट्रेलरने गाडीला ढकलल्याशिवाय तो कामाला लागत नाही, आणि फक्त ट्रेलरचा ब्रेक लावावा म्हटलं तर ड्रायव्हरच्या हातात काही नसतं. मला नेमकं तेच हातात हवं आहे.

अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात लहान ट्रेलरना विजेचा ब्रेक जास्त दिसतो. तिकडे तो नवा नाही. स्पीडोमीटर बनवणाऱ्या आर्थर वॉर्नर यांनी १९२७ मध्ये ट्रेलरच्या विजेच्या ब्रेकसाठीच कंपनी काढली होती. म्हणजे माझ्या आजोबांच्या बैलबंडीच्या काळातली गोष्ट. युरोपात आणि ऑस्ट्रेलियात ट्रेलरचं वजन ७५० किलोच्या वर गेलं की ब्रेक लागतोच. आपली खोली भरल्यावर टनाच्या आसपास जाईल. तिकडे असती तर हा प्रश्न भाऊजींनी विचारलाच नसता.

विजेचा ठरला. दहा इंची ड्रमचा, बारा व्होल्टचा संच मागवला. आतला घासणारा पट्टा सव्वादोन इंच रुंद. चौदा इंची रिममध्ये बसतो.

२७ नोव्हेंबर

खोकं आलं. दोन्ही ब्रेक डावे निघाले.

फोन केला, फोटो पाठवले. विक्रेता म्हणतो, दोन्ही सारखेच असतात, लावून टाका. सारखे नसतात. ब्रेकच्या पाठीला लोखंडी पाट असतो, त्यावर दोन शू, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या कमानी, असतात, एकाचा पट्टा आखूड आणि दुसऱ्याचा लांब. आखूड पट्ट्याचा शू गाडीच्या तोंडाकडे आला पाहिजे. डावा ब्रेक उजवीकडे लावला तर आखूड शू शेपटीकडे जातो आणि ब्रेक अर्धवट धरतो. दिसायला सगळं ठीक, चाक फिरतं, करंट जातो, आणि घाटात मात्र थांबत नाही. ज्याला हे ठाऊक नाही तो विश्वासाने लावून टाकेल आणि वर पोराबाळांना बसवेल. याचा मला फार राग आला.

उजवा वेगळा मागवला, पैसे पुन्हा भरले. जास्तीचा डावा परत पाठवायचा खर्चही माझ्याच माथी होता, म्हणून तो फळीवर ठेवून दिला.

८ डिसेंबर

उजवा आला. आज दोन्ही बसवले.

ॲक्सलला चार बोल्टांची चकती आधीच वेल्ड करून ठेवली होती. वेल्डिंगच्या उष्णतेने ती किंचित जरी वाकली तरी शू तिरपे लागतात, म्हणून गोनिया लावून चारही बाजूंनी तपासली.

बसवण्याआधी ब्रेक टेबलावर ठेवून पोराला समजावून सांगितला. तो यंदा आयटीआयला आहे. त्याने फार नेमके प्रश्न विचारले, म्हणून इथे उतरवतो.

पाटाच्या खालच्या अंगाला एक दांडी लोंबते. तिच्या टोकाला अंघोळीच्या साबणाच्या वडीएवढा लंबगोल मॅग्नेट आहे. मागून स्प्रिंग त्याला हलकेच बाहेर ढकलते, त्यामुळे तो ड्रमच्या आतल्या सपाट लोखंडी तोंडाला नुसता टेकून असतो. करंट नसेल तेव्हा ड्रम त्याच्यावरून सरकत जातो. करंट दिला की तो ड्रमला चिकटतो. ड्रम फिरतोय, म्हणून चिकटलेला मॅग्नेट त्याच्याबरोबर थोडा ओढला जातो आणि दांडी तिरपी होते. दांडीचं वरचं टोक आखूड शूला बाहेर ढकलतं. तो शू ड्रमला लागला की ड्रम त्यालाही ओढतो, आणि तो खालच्या ॲडजस्टरमधून लांब शूला रेटतो. मग दोन्ही शू आवळतात.

पोरगा म्हणाला, "म्हणजे जोर करंटचा नाही, चाकाचाच हाय?"

हाव. करंट फक्त पकडतो. दाब चाकाच्या फिरण्यातून येतो, म्हणून एका चाकाला तीन-साडेतीन अँपिअर पुरतात. आणि म्हणूनच उभ्या ट्रेलरला हा ब्रेक रोखू शकत नाही. चाक फिरतच नसेल तर मॅग्नेट ओढला जाणार कुठून? उभं करताना चाकाखाली ओंडके लावायचेच. ताईला हे दोनदा सांगायचं आहे.

बेअरिंगमध्ये ग्रीस भरलं, मागे सील ठोकलं, ड्रम चढवले. ॲडजस्टरची दातेरी चाकी पाटाच्या खाचेतून स्क्रूड्रायव्हरने फिरवत गेलो. चाक हाताने फिरेनासं झाल्यावर दहा दाते मागे घेतली. आता चाक मोकळं फिरतं, कान लावला तर पट्ट्याची बारीक खरखर ऐकू येते. एवढी खरखर राहू द्यायची.

१५ डिसेंबर

आज कंट्रोलर. बोलेरोच्या डॅशबोर्डखाली, गुडघ्याला लागणार नाही पण हात सहज पोचेल असा.

कंट्रोलर दोन जातीचे. एक वेळेवर चालणारा. ब्रेकवर पाय पडला की तो ठरलेल्या चालीने करंट वाढवत नेतो, मग तुम्ही हलकं टेकवलं असो की कचकचून दाबलं असो. दुसरा गाडी किती जोरात हळू होतेय ते आतल्या सेन्सरने ओळखतो आणि त्या मानाने करंट सोडतो. पहिला स्वस्त आहे. पण आमच्या रस्त्यावर दर दोन मिनिटांनी शेळी, पाण्याचा टँकर नाहीतर वावरातून निघालेला ट्रॅक्टर समोर येतो आणि पाय सारखा ब्रेकवर टेकतो. दर वेळी मागून तोच ठरलेला हिसका बसला तर ताईच्या ओट्यावरची भांडी खाली येतील. दुसरा घेतला.

त्याच्या चार वायरी. काळी बॅटरीच्या प्लसला, मध्ये वीस अँपिअरचा ब्रेकर, तोही बॅटरीजवळच. पांढरी बॅटरीच्या मायनसला, थेट. लाल ब्रेक-लाइटच्या स्विचला, पेडल दाबल्यावर जिच्यात करंट येतो त्या वायरला. निळी मागे ट्रेलरच्या ब्रेकला. लाल शोधायला गावातल्या वायरमन काकांनी मदत केली. त्यांनी टेस्ट लॅम्प लावला, मला पेडल दाबायला सांगितलं आणि एका मिनिटात वायर हातात दिली. मी अर्धा तास चाचपडत होतो.

डॅशबोर्डचं प्लास्टिक गोलाकार असल्यामुळे कंट्रोलर थोडा डावीकडे तोंड करून बसला होता. काकांना ते चालत होतं. मी काढून लोखंडी पट्टीवर सरळ बसवला. आतला सेन्सर गाडीच्या चालीच्या रेषेत नसेल तर त्याला वेगातली घट नीट कळत नाही. दिसायला दोन बोटांचा फरक आहे, पण सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो.

कंट्रोलरच्या समोर एक सरकदांडी आहे. ती सरकवली की पेडल न दाबता फक्त ट्रेलरचा ब्रेक लागतो. मला हवी होती ती हीच.

१७ डिसेंबर

आजचा दिवस मल्टीमीटरपाशी गेला, आणि कामी आला.

आधी मॅग्नेट एकेक करून मोजले. दोन्ही ३.३ ओहमच्या आसपास, म्हणजे चांगले. दोन्ही जोडून, बॅटरी १२.४ व्होल्ट असताना, सरकदांडी पूर्ण दाबली आणि निळ्या वायरीत मीटर घातलं. साडेसहा-सात अँपिअर यायला हवे होते. आले ४.१.

तास गेला, मग अर्थिंगमधला दोष सापडला. ट्रेलरच्या चासीला अर्थच्या वायरीची लग, म्हणजे टोकाची कडी, मी रंगावरच आवळली होती. रंगाखाली लोखंड आहे, पण रंगातून करंट जात नाही, जेमतेम बोल्टाच्या आट्यांतून थोडा सरकत होता. पॉलिश पेपरने लोखंड चकचकीत केलं, लग आवळली, वर ग्रीस लावलं. शिवाय गाडी आणि ट्रेलरच्या वायरी जिथे जुळतात त्या सॉकेटपासून ब्रेकपर्यंत पांढरी वायर वेगळी ओढली. हुकाच्या बॉलमधून अर्थ मिळेल या भरवशावर राहायचं नाही. बॉलला ग्रीस असतं, धूळ असते, आणि खड्ड्यात उडी बसली की तोही क्षणभर सुटतो.

आता ६.५.

मग वायर. दुकानात दीड चौरस मिलिमीटरची होती, तीच ओढली होती. कंट्रोलरपासून मागच्या चाकापर्यंत आठ मीटर, परत येताना आठ, एकूण सोळा. दीडच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला साधारण १२ मिलिओहम, म्हणजे सोळा मीटरला ०.१९ ओहम. साडेसहा अँपिअरला सव्वा व्होल्ट वायरीतच जिरतो. बारातला सव्वा! तीच वायर चार चौरसची घेतली तर अर्धा व्होल्टही जात नाही. परतवाड्याहून चारची आणली, सगळे जोड सोल्डर करून वर नळी चढवली.

आता ७.०. सकाळच्या ४.१ वरून ७.० वर, आणि ब्रेकला हातही लावला नाही. मॅग्नेटची पकड करंटवर आहे. सकाळी तसंच निघालो असतो तर ब्रेक लागतोय असंच वाटलं असतं, कारण तो लागत होताच, फक्त कमी.

२२ डिसेंबर

बहिरमची यात्रा सुरू झाली. रस्त्यावर गाड्यांची रांग, दुकानाला दोन दिवस सुट्टी. पोरगा रोडगे खायला गेला. मी शांतपणे ब्रेकअवे बसवला.

हूक तुटला, बॉल निसटला आणि ट्रेलर गाडीपासून सुटला तर सॉकेटही सुटतं, मग कंट्रोलरचा काही उपयोग उरत नाही. म्हणून ट्रेलरच्या दांड्यावर स्वतःची बारा व्होल्टची छोटी सीलबंद बॅटरी आणि एक स्विच. स्विचमध्ये पिन, पिनला तारेचा दोर, दोराचं दुसरं टोक बोलेरोच्या चासीला. ट्रेलर सुटला की पिन खेचली जाते, बॅटरी थेट मॅग्नेटना जोडली जाते आणि ब्रेक पूर्ण लागतात. दोर हुकाला बांधायचा नाही. हूकच निघून आला तर दोर त्याच्याबरोबर जाईल आणि पिन जागच्या जागी राहील. दोर वळणावर ताणला जाईल एवढा तंग नको.

साखळ्या दोन, दांड्याखाली एकमेकींना ओलांडून. दांडा बॉलवरून निघाला तर तो त्या फुलीत पडतो, डांबरात रुतत नाही.

सॉकेट आधी काढलं आणि मगच चाचणी घेतली, कारण पिन निघालेली असताना ट्रेलरच्या बॅटरीचा करंट उलटा कंट्रोलरमध्ये जाऊ शकतो. पिन ओढली, पोराच्या जागी शेजारच्या काकांना दांडा धरून ओढायला सांगितलं. चाक अर्धा वेढा फिरलं आणि अडलं. काका दांड्यावर जवळजवळ ओणवे पडले. "बापा, हे तं जमिनीले चिकटलं!" म्हणाले.

पिन लगेच परत घातली. ती काढून ठेवून ट्रेलर उभा करायचा नाही. बॅटरी उतरते, मॅग्नेट तापतात.

३० डिसेंबर

खोली चासीवर बसली. भांडी, गादी, भरलेली टाकी, सगळं ठेवून शेजारच्या जिनिंगच्या काट्यावर नेली. ९८० किलो.

दांड्याचा भार वेगळा मोजला. न्हाणीतला वजनकाटा, त्यावर लाकडी ओंडका, ओंडक्यावर कपलर, म्हणजे दांड्याच्या टोकाची बॉलवर बसणारी वाटी. ६० किलो. हे कमी आहे. एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के बॉलवर हवं, म्हणजे इथे शंभर ते दीडशेच्या मधे. पुढचा भार हलका असला की वेगात ट्रेलरची शेपटी डोलायला लागते, आणि एकदा डोलली की दर झोक्याला वाढते. टाकी मागच्या कोपऱ्यात होती, ती ॲक्सलच्या पुढे आणली. ताईला जागा बदललेली आवडली नाही. आता ११० किलो.

५ जानेवारी २०२५

नंबर आला. ट्रेलरची आरटीओत वेगळी नोंदणी लागते. ते कागदांचं काम भाऊजींनी केलं आणि मन लावून केलं.

पहाटे गावाबाहेरच्या नव्या सिमेंट रस्त्यावर पोचलो. धुकं होतं, ते उतरेपर्यंत थांबलो. मी, पोरगा, भाऊजी, पन्नास फुटी टेप आणि चुना.

आधी गेन. गेन म्हणजे कंट्रोलरने जास्तीत जास्त किती करंट सोडायचा त्याची मर्यादा. चाळीसच्या वेगाने जायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा, सरकदांडी पूर्ण दाबायची. चाकं घसटली तर गेन कमी. घसटली नाहीत आणि गाडी मागून नीट ओढल्यासारखी वाटली नाही तर जास्त. साडेपाचवर पोरगा ओरडला, चाकाखालून काळा पट्टा उमटला होता. पाचवर पट्टा नाही आणि ओढ चांगली. पाच. खोली रिकामी असेल, रस्ता ओला असेल किंवा मुरमाचा असेल तेव्हा आणखी खाली आणायचा. डॅशवर चिकटपट्टी लावून तसं लिहून ठेवलं.

मग शू बसवण्यासाठी साठच्या वेगावरून सरकदांडीने तीसपर्यंत आणायचं, एक-दीड मिनिट नुसतं चालवायचं, पुन्हा. असं पंचवीस वेळा. नवा पट्टा ड्रमच्या गोलाईला पूर्ण टेकत नाही, या घासण्याने टेकतो. भाऊजी मागच्या सीटवर आकडा मोजत होते, सतराव्याला चुकले, म्हणून आम्ही अठरा धरले.

शेवटी अंतर. चुन्याची रेघ मारली. चाळीसच्या वेगाने रेघेवर आलं की पाय ब्रेकवर. ट्रेलरचा ब्रेक बंद ठेवून तीन वेळा, चालू ठेवून तीन वेळा. बंद असताना सरासरी १९ मीटर. चालू असताना १३.

सहा मीटर. थांबायचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. साठच्या वेगाला १९ चे ४३ होतात आणि १३ चे २९. फरक चौदा मीटरचा. त्यात बैलांसकट दोन बंड्या एकामागे एक उभ्या राहतील.

बंद ब्रेकच्या तिसऱ्या फेरीत मागून बसलेला लोट पाठीत जाणवला. सीटने पाठ पुढे ढकलली, तसा. घरी आल्यावर बाबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "आन ब्रेक लावल्यावर?" म्हटलं, "काईच नाही. गाडी एकटीच हाय असं वाटते." त्यांनी बराच वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाले, "एक डाव मले बसव."

६ जानेवारी

थर्मामीटरने ड्रम तपासले. वीसेक ब्रेक लावल्यावर उजवा ९५ अंश, डावा ५२. डावा काम करत नाही.

१२ जानेवारी

डावा उघडला. सील ठोकताना कड दुमडली होती, बेअरिंगचं ग्रीस आत येऊन शू आणि मॅग्नेट दोन्ही माखले होते. चूक माझी. सील हातोडीने थेट ठोकलं होतं, वर सपाट लाकूड ठेवून ठोकायला हवं होतं.

ग्रीस प्यायलेला पट्टा पेट्रोलने धुतला तरी आतून सुटत नाही, तापला की पुन्हा बाहेर येतो. बदलावाच लागतो, आणि दोन्ही शू एकदम. फळीवरचा तो जास्तीचा डावा खाली काढला. अख्खा ब्रेकच नवा बसवला. ड्रमचं सपाट तोंड ब्रेक क्लीनरने पुसलं, कोरड्या कापडाने तीनदा. नवं सील लाकूड ठेवून, चारही बाजूंनी थोडं थोडं.

संध्याकाळी पुन्हा पंचवीस वेळा. उजवा ९८, डावा ९४.

परवा संक्रांत. घाट त्यानंतर.

१९ जानेवारी

परतवाडा, धामणगाव गढी, चिखलदरा. बाबा पुढे बसले, पोरगा मागे.

चढताना ट्रेलरने त्रास दिला नाही, फक्त इंजिनाने दिला. वर ऊन होतं पण वारा बोचरा. चहा घेतला, बाबांनी खवा घेतला.

चिखलदऱ्यापासून खाली परतवाड्यापर्यंत उतार उंचीत साधारण सातशे मीटर. ९८० किलो सातशे मीटर खाली आणायचं, तर जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते तेवढ्याने वीस-एकवीस लिटर पाणी, म्हणजे एक भरलेली घागर, उकळेल. आणि हे फक्त ट्रेलरचं, बोलेरोचं वेगळं. सगळी ड्रममध्ये जिरवली तर पट्टे तापून धरेनासे होतील. म्हणून उतरायला दुसरा गिअर आणि इंजिनाचा अडसर. ब्रेक धरून ठेवायचा नाही. वेग वाढला की नीट दाबायचा, कमी झाला की सोडायचा, ड्रमला वारा लागू द्यायचा.

तिसऱ्या वळणावर समोरून लाकडाचा ट्रक आला, वळणाच्या आतून, आमच्या बाजूला. मी दाबला. ट्रेलर सरळ रेषेत मागे बसला. आरशात पाहिलं तर खोलीची कड बोलेरोच्या कडेच्या मागेच होती, इंचभरही बाहेर नव्हती. बाबांचा डावा हात हँडलवर होता. उजवा मांडीवरच होता.

तीन ठिकाणी थांबून ड्रम मोजले. सर्वांत जास्त उजवा ११८, डावा ११२. वास नाही, पेडल खाली गेलं नाही.

खाली सपाट रस्त्यावर एक एसटी बाजूने जोरात गेली. तिच्या वाऱ्याने ट्रेलरची शेपटी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गेली. पाय ब्रेककडे जात होता, तो आवरला. अशा वेळी गाडीचा ब्रेक दाबला तर ट्रेलर आणखी जोरात पुढे येतो आणि डोलणं वाढतं. सरकदांडी हळूच सरकवली. फक्त ट्रेलर मागे ओढला गेला, दोर ताणल्यासारखा सरळ झाला. दोन सेकंद लागले असतील. बाबा म्हणाले, "काय केलं तू?" मी दांडी दाखवली. त्यांनी डाव्या हाताने ती एकदा सरकवून पाहिली, मी वेग कमी केल्यावर.

२ फेब्रुवारी

मीटरवर ट्रेलरचे ३३० किलोमीटर. नव्या ब्रेकचा पहिला ॲडजस्ट तीनशे-सव्वातीनशे किलोमीटरला करायचा असतो, कारण पट्टे सुरुवातीला भरभर बसतात. उजव्याचे चार दाते, डाव्याचे सहा. डावा नंतर बसवलेला, तो अजून बसतोय. ड्रम काढून मॅग्नेट पाहिले. झीज सपाट आहे, एका बाजूने जास्त नाही. तिरपी झीज दिसली असती तर दांडीचं बुशिंग खिळखिळं आहे असं समजायचं. यापुढे पाच हजार किलोमीटरला, आणि पावसाळ्यात काळ्या मातीतून गेली तर घरी आल्या आल्या.

ताईला अंगणात एक तास शिकवलं. सॉकेट, साखळ्या, दोर, ओंडके, गेन, दांडी. तिने तिच्या भाजीच्या यादीच्या वहीत उतरवून घेतलं. भाऊजींनी पिन ओढून पाहिली आणि स्वतः दांडा ओढायला गेले. हलला नाही.

"आता समजलं काहून लागते," एवढं म्हणून पिन त्यांनीच परत घातली.

ब्रेकअवेची बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. सकाळी १२.७ व्होल्ट. दोघं सहा वाजता लोणारकडे निघाले. ओंडके विसरून जात होते, बाबांनी हाक मारून गाडी थांबवली आणि खिडकीतून आत दिले.

मंगळवारी एका शेतकऱ्याची पाच टनी ट्रॉली दुरुस्तीला येणार आहे, धुरा वाकलाय. त्याच्या धुऱ्यावर चकती बसेल का, ते मोजून ठेवायचं आहे. त्या वजनाला हे दहा इंची ड्रम पुरणार नाहीत.